मुबिरूच्या सव्वीस मयती

गेल्या वर्षी गोन्झागा मुबिरूच्या घराण्यात सव्वीस मयती झाल्या. सव्वीसही पाणथळात, सव्वीसही दिवसाउजेडी, आणि सव्वीसही खून एकाच आरोपीने केलेले. आरोपी सगळ्यांच्या ओळखीचा होता. उद्यानाच्या फाटकावर त्याचं चित्र होतं, चहाच्या कपांवर होतं, आणि त्याला बघायला माणसं समुद्र ओलांडून येत होती.

आरोपीचं नाव बुल्वे. माणसाच्या छातीपर्यंत येणारं राखाडी पाखरू, डोक्यामागे विस्कटलेला तुरा, आणि चोच अशी, की कुणीतरी तोंडावर लाकडी खडाव बांधून दिलीय. तासन् तास एका पायावरून दुसऱ्या पायावर न होता उभा राहतो. मरणारे सगळे मांबा. मांबा हा नालुबाले सरोवराच्या काठच्या चिखलातला हातभर लांबीचा मासा. राहतो पाण्यात, पण हवा लागते माणसासारखी. मधूनमधून श्वास घ्यायला वर येतो, आणि वर बुल्वे उभा असतो.

आणि मुबिरूचं कुळ मांबाचं.

बुगांडाच्या मुलखात प्रत्येकाला कुळ असतं आणि कुळाचं जनावर कुणी खात नाही, मारत नाही. एवढं सगळेच पाळतात. पण मुबिरूला वाढवलं त्याच्या आजीने, आणि ती बाई कुठलीही गोष्ट अर्धी सोडणारी नव्हती. तिने नातवाला शिकवलं, की जमिनीवरचं कुळ आणि पाण्यातलं कुळ एकच. डोळ्यांदेखत मांबा गेला, तर घरातलं माणूस गेलं. सुतक पाळायचं. दाढी करायची नाही, काम करायचं नाही, अंगणात शेकोटीपाशी बसायचं. पाठ फिरवलेली असताना गेला, तर मात्र धरायचं नाही, कारण म्हातारी कडक असली तरी व्यवहारी होती.

असा हा मुबिरू बावीस वर्षांपूर्वी सरोवराकाठच्या राष्ट्रीय उद्यानात वाटाड्या म्हणून लागला. पाखरं दाखवायचं काम. दुसऱ्याच आठवड्यात बुल्वेने त्याच्या नाकासमोर एक मांबा उचलला. मुबिरूने पाहुण्यांना काठावर सोडलं आणि रजेचा अर्ज टाकला: ‘मांबाच्या निधनामुळे तीन दिवस सुतक.’

कचेरीतला कारकून पूर्वी पलटणीत होता आणि स्वाहिलीत वाढला होता. स्वाहिलीत मांबा म्हणजे मगर. त्याने तातडीने दोन बंदूकवाले पाठवले. दवाखान्यातली नर्स इंग्रजी पुस्तकं वाचून शिकलेली. तिच्या पुस्तकात मांबा म्हणजे काळा जहरी साप. ती विषावरच्या औषधाची बाटली घेऊन सायकलवर निघाली. तिघं एकदमच मुबिरूच्या अंगणात पोचली. तो शेकोटीपाशी बसलेला.

“कुणाला चावला?” नर्सने विचारलं.

“कुणालाच नाही.”

“मग मेलं कोण?” बंदूकवाल्याने विचारलं.

“मांबा.”

“मांबाला कुणी मारलं?”

“बुल्वेने.”

एवढं पाखरू मगर मारतं, हे ऐकून बंदूकवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पुढचा महिनाभर ते त्या बाजूला गस्तीला गेले नाहीत.

तेव्हाचा वॉर्डन माकडाच्या कुळाचा होता, पोटातून हसणारा. नियमावलीत लिहिलं होतं, ‘जवळचा नातेवाईक वारल्यास, कुळाच्या रीतीप्रमाणे, तीन दिवस.’ त्याने सही केली. त्याच्यानंतर आलेल्यांनी त्याच्या सहीकडे बघून सह्या केल्या. शिवाय मुबिरूला काढणं कुणाला परवडणारं नव्हतं. बाकीचे वाटाडे बुल्वे शोधत दिवसभर पपायरसच्या उंच लव्हाळ्याच्या बेटांतून भटकत आणि पाहुण्यांना ढोकरी दाखवून परत आणत. मुबिरू बुल्वे शोधतच नसे. तो कान देऊन बसे. पाण्यावर मांबाचा श्वास ‘फुस्स’ झाला की त्याला कळे. जिथे मांबा वर येणार, तिथे बुल्वे येणार.

म्हणजे खुनी बघायला आलेल्यांना भावकीचा पत्ता देणारा हाच. हे त्याला कळत होतं. बावीस वर्षांत एकही फेरी अशी झाली नाही, की परत येताना त्याला स्वतःची लाज वाटली नाही. पण पाखरांवर त्याचा जीव होता, त्या खुनी पाखरावर सगळ्यात जास्त, आणि ही गोष्ट त्याने आजीच्या थडग्यापाशीसुद्धा कधी कबूल केली नाही.

हे असं रुळावर चाललं होतं, तेवढ्यात केमिगिसा मॅडम वॉर्डन म्हणून आल्या. पश्चिमेकडच्या, तोरोच्या. उंच, चाल पोलिसासारखी, आणि वाचायला मिळेल तो कागद शेवटपर्यंत वाचायची वाईट खोड. पहिल्याच आठवड्यात त्यांनी रजेचं रजिस्टर वाचलं आणि मुबिरूला बोलावून घेतलं. मुबिरूला जुळी मुलं, म्हणून सगळे त्याला मानाने सालोंगो म्हणत. मॅडमही म्हणाल्या.

“बसा, सालोंगो. गेल्या वर्षी तुमचे किती काका वारले?”

“नऊ, मॅडम.”

“मामा?”

“एकही नाही. मामाचं कुळ वेगळं.”

“आणि बाकीचे सतरा?”

“सात चुलतभाऊ, चार आत्या. उरलेल्या सहांचं नातं लागायच्या आत गिळून झालं होतं.”

“मासा आत्या आहे की काका, हे तुम्हाला कसं कळतं?”

“आत्या लवकर जात नाही, मॅडम. चोचीत धरली तरी शेवटपर्यंत ऐकवत असते.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “सालोंगो, ते मासे आहेत.”

मुबिरू खुर्चीत पुढे सरकून बसला. मग म्हणाला, “मी बारा वर्षांचा होतो. वडील होडीसकट सरोवरात गेले. प्रेत मिळालं नाही. मग गावाने केळीचा खुंट आणला, झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळला आणि वडील म्हणून पुरला. पाद्री आला होता. काकांनी भाषण केलं, की मयत स्वभावाने शांत होते. केळीचा खुंट बाप होऊ शकतो, तर मांबा काका का नाही?”

मॅडमनी नियमावली उघडली. उत्तर सुचलं नाही की साहेब लोक नियम काढतात.

“नियमात ‘जवळचा’ लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “जवळचा. यापुढे जवळचा असल्याचा पुरावा द्यायचा. पुरावा नसेल तर रजा नाही. आणि रजेशिवाय सुतक पाळत घरी बसलात, तर गणवेश धुऊन, घडी घालून इथे आणून ठेवायचा. गुरुवारी हेल्गाबाई येतायत. यंदा तिसरी खेप. बुल्वे मांबा पकडताना त्यांना बघायचाय, आणि मागच्या दोन्ही खेपांना तुम्ही ऐन वेळी होडी वळवलीत. यंदा मी होडीत असणार आहे.”

मुबिरू घरी गेला आणि त्याने बायकोला सगळं सांगितलं. नालोंगो, म्हणजे जुळ्यांची आई, मातोकेची हिरवी केळी सोलत होती. ती हत्तीच्या कुळातली.

“आमचं बरं आहे,” ती म्हणाली. “हत्तीला कुठलं पाखरू गिळत नाही. निवांत कुळ. तुझ्या घरचे मला मागायला आले तेव्हा म्हणाले, आमच्यात फक्त मासा चालत नाही. एवढं सुतक लागतं हे कुणी बोललं नव्हतं.”

“मग काय करू?”

तिने सुरी बाजूला ठेवली. “तू गणवेश उतरवलास तर वर्षभर जगणार नाहीस. मला ठाऊक आहे ना. सकाळी पाखरांची नावं घेत उठतोस, माझं नाव नंतर. ऐक माझं. पाखराने मान वाकवली की डोळे मिटून घे. न बघितलेली मयत धरत नाहीत, तुझ्याच आजीचा कायदा.”

तोडगा नामी होता. मुबिरूला त्या रात्री शांत झोप लागली.

गुरुवारी सकाळी होडी निघाली. पुढे मुबिरू, मग हेल्गाबाई, मग मॅडम, आणि मागे बांबू रेटणारा एक्स्पेडिटो. हेल्गाबाई नॉर्वेच्या, सत्तरी उलटलेल्या, गळ्यात दुर्बीण, मांडीवर तान्ह्या मुलासारखा कॅमेरा. कमलपक्षी दिसला, त्यांनी वहीत लिहिला. कवड्या खंड्या दिसला, लिहिला. पाणकावळ्यांचा थवा गेला, तोही लिहिला, पण नाक मुरडून.

एक्स्पेडिटोला वॉर्डन होडीत आहेत याचं काही वाटत नव्हतं. तो मुबिरूला छेडत होता.

“काय सालोंगो, आज कुणाचा नंबर? काका की आत्या?”

“बांबू रेट गुपचूप.”

“माझं कुळ नाकतोड्याचं, मॅडम. नोव्हेंबर आला की सगळं कम्पाला माझे भाऊबंद पंख उपटून तेलात तळतं आणि रस्त्यात उभं राहून कुरुमकुरुम खातं. मी सुतक धरलं असतं तर जन्मभर अंघोळ केली नसती.”

“तुझ्या कुळात माणुसकीच नाही,” मुबिरू म्हणाला.

“नाकतोड्यात माणुसकी कुठून येणार!”

मॅडम हसल्या नाहीत. पण त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं.

पपायरसच्या एका खाचेत मुबिरूने हात वर केला. होडी थांबली. तो कान देऊन बसला. बराच वेळ काही नाही. मग डाव्या बाजूला, लव्हाळ्याच्या आत, ‘फुस्स’. त्याने बोट दाखवलं, आणि तिथे बुल्वे होताच. पुतळ्यासारखा. हेल्गाबाईंच्या घशातून लहान मुलीसारखा आवाज निघाला.

दोन तास गेले. एक्स्पेडिटो बसल्या बसल्या झोपला आणि जागा झाला. हेल्गाबाईंच्या कॅमेऱ्यावर माशी बसली, ती त्यांनी उडवली नाही. मग बुल्वेने हळूच मान वाकवली.

मुबिरूने डोळे मिटून घेतले, घट्ट.

पण डोळ्यांना झाकण असतं, कानांना नसतं. पाणी फाटल्याचा आवाज आला, चोच मिटल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर तो श्वास, अर्धाच घेतलेला. तो ऐकल्यावर मुबिरूला ना गणवेश आठवला, ना मॅडम. घरात चोर शिरला की माणूस ओरडतो तसा तो ओरडला, “सोड त्याला!” आणि ताडकन उभा राहिला.

होडी कलंडता कलंडता राहिली. बुल्वे दचकला. त्याने दोन पंख उघडले, वर उडाला, होडीवरून गेला आणि जाता जाता चोचीतला सगळा ऐवज खाली सोडून दिला: ओलं गवत, चिखल, आणि मधोमध जिवंत, हातभर लांबीचा, संतापलेला मांबा. तो मॅडमच्या बुटांवर पडला.

मग त्या अरुंद होडीत जी काही सभा भरली तिला तोड नाही.

“माझा फोटो!” हेल्गाबाई म्हणाल्या. “निसर्गात ढवळाढवळ केलीत तुम्ही! तो मासा त्या पक्ष्याचा आहे. परत द्या त्याला!”

“पाखराने टाकला तो पाखराचा राहत नाही,” एक्स्पेडिटो म्हणाला. “होडीत पडलं ते होडीवाल्याचं. धूर देऊन, शेंगदाण्याच्या रश्श्यात…”

“खबरदार!” मुबिरू ओरडला.

“उद्यानातला प्रत्येक प्राणी सरकारचा आहे,” मॅडम म्हणाल्या. पाय मात्र त्यांनी वर घेतले होते. “सालोंगो, होता तिथे सोडा. नियम असा आहे, जिथून उचललं तिथेच. आणि गणवेशाचं आपण काठावर गेल्यावर बोलू.”

म्हणजे पाखराच्या पुढ्यात. बुल्वे दहा हातांवर परत उतरला होता आणि या चौघांकडे अशा नजरेने बघत होता, जणू सभेचा अध्यक्ष तोच.

मुबिरूने खाली वाकून मांबाला दोन्ही हातांत घेतलं. बावीस वर्षांत तो पहिल्यांदा आपल्या माणसाला हात लावत होता. “घाबरू नकोस,” तो म्हणाला. “मी मुबिरू. आपलाच आहे.” आणि कुळाच्या रीतीप्रमाणे त्याने ओळख दिली: बापाचं नाव, आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव, कुठली शाखा, मूळ गाव कुठलं. मांबाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग त्याने तोंड उघडलं आणि मुबिरूच्या डाव्या हाताचं मधलं बोट कडकडून चावलं.

मांबाचे दात म्हणजे काही थट्टा नाही. पेरापासून बोट फाटलं. हेल्गाबाई किंचाळल्या. एक्स्पेडिटो म्हणाला, “मुंडकं धर, मुंडकं!” पण मुबिरूने मुंडकं धरलं नाही, पकड सैलही केली नाही. रक्त गळत्या हाताने त्याने मांबाला होडीच्या पलीकडच्या अंगाला, पाखरापासून जमेल तेवढं दूर, अलगद पाण्यात सोडलं. मॅडमना ते दिसलं. त्यांनी पाय खाली घेतले.

मांबा खोल गेला. सगळ्यांनी श्वास सोडला.

पण पाण्यात राहणाऱ्यालाही हवा लागतेच. थोड्या वेळाने ‘फुस्स’ झालं, होडीपासून तीन हातांवर, आणि बुल्वेने झडप घातली. या वेळी मुबिरूचे डोळे सताड उघडे होते. हेल्गाबाई एकोणीस वर्षं ज्याची वाट बघत होत्या ते त्यांच्या पुढ्यात घडलं, आणि त्यांचं बोट आपोआप दाबलं गेलं. खटखटखट चाळीस फोटो निघाले. बुल्वेने मान वर केली, एकदा गिळलं, दोनदा गिळलं. संपलं.

हेल्गाबाईंनी कॅमेरा खाली घेतला. मुबिरू होडीच्या तळाशी बसला होता आणि हमसून हमसून रडत होता. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच विचारलं, “आता काय करायचं असतं?”

“बसायचं,” मुबिरू म्हणाला.

हेल्गाबाई बसल्याच होत्या, त्या आणखी नीट बसल्या. एक्स्पेडिटोने बांबू आडवा ठेवून दिला.

“एक्स्पेडिटो, होडी वळव,” मॅडम म्हणाल्या. “त्यांच्या बोटाला टाके लागतील.”

“मयत झालीय, मॅडम. माती होईपर्यंत गावात कुणी कुदळसुद्धा उचलत नाही. मी बांबू कसा उचलू?”

“मघाशी तू त्याला रश्श्यात घालत होतास!”

“मघाशी तो जिवंत होता.”

“बरं, मग माती कधी होणार?”

एक्स्पेडिटोने बुल्वेच्या पोटाकडे बघितलं. “ते आता त्या पाखराच्या हातात आहे,” तो म्हणाला.

ऊन चढलं. मॅडमनी आपला रुमाल फाडून मुबिरूच्या बोटाला बांधला. हेल्गाबाईंनी पिशवीतली बिस्किटं काढली, चौघांत वाटली. एक्स्पेडिटोने मयताबद्दल चार शब्द बोलायची प्रथा आहे असं सांगितलं आणि स्वतःच बोलला, की मयत तडफदार होते आणि शेवटपर्यंत कुणाला हार गेले नाहीत. मुबिरूचं रडणं थांबत नव्हतं.

“वडिलांच्या वेळी मला रडूच आलं नव्हतं,” तो मॅडमना म्हणाला. “सगळे रडत होते. मी बघत होतो, खुंटातून पाणी गळत होतं. केळीच्या खुंटापुढे कसं रडणार, मॅडम? पोरं हसली असती. यांच्यासाठी बसलं की मला रडता येतं. एवढंच आहे ते. बाकी मलाही कळतं, ते मासे आहेत.”

मॅडमनी रुमालाची गाठ पुन्हा घट्ट केली.

दुपार कलली तेव्हा बुल्वेने पंख झटकले, दोन पावलं चालला, शेपटी उचलली आणि पांढरी लांब पिचकारी पाणथळात सोडली. मग तो उडून गेला.

एक्स्पेडिटोने छातीवर क्रूस केला. “झाली माती,” तो म्हणाला आणि त्याने बांबू उचलला.

काठावर उतरल्यावर हेल्गाबाईंनी मुबिरूचा उजवा हात दोन्ही हातांत धरला, “फार वाईट झालं,” म्हणाल्या आणि गेल्या. मुबिरू मॅडमसमोर उभा राहिला आणि चांगल्या हाताने शर्टाची गुंडी सोडायला लागला, कारण गणवेशाचं बोलणं काठावर व्हायचं होतं. मॅडमनी बगलेतून रजिस्टर काढलं.

“गुंडी लावा. नाव?”

“विचारायला वेळच मिळाला नाही.”

“नातं? जवळचं की लांबचं? आणि मला पुरावा लागेल, सालोंगो. मी सांगितलं होतं.”

मुबिरूने रुमाल बांधलेलं बोट वर केलं. रुमाल लालभडक झाला होता. “लांबचे येतात, जेवतात, जातात, मॅडम,” तो म्हणाला. “सगळी ओळख पटल्यावर चावतो, तो जवळचाच असणार.”

केमिगिसा मॅडमना चार सख्खे भाऊ होते. त्यांनी तीन दिवस लिहिले आणि सही केली.